ट्रेनर विमानाचा मानकरी

(शिरोली एमआयडीसीतील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी मला जो विषय दिला तो ऐकायला भारदस्त आहे. विमान उद्योगातला एक अभियंता, पुढं कंपनीचा कारभारी, आणि त्याला मिळालेले मानसन्मान. फोनवर मी विचारलं, माणूस कोण निवडू? ते म्हणाले, तुमच्या मर्जीनं, पण जमलं तर आपल्या भागातला निवडा. मी म्हटलं, आपल्या भागातलाच आहे, आणि जिल्ह्याबाहेर जायची गरजच नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे. पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग विचारणा झाली, "कागलचे का?"

नाही, कागलचे नाहीत. घाटगे म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोक्यात कागलची जहागिरी येते, कारण शाहू महाराज जन्मानं त्या घरातले. नाहीतर ट्रकच्या मागं रंगवलेलं नाव आठवतं. हे घाटगे गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. जन्म २४ ऑक्टोबर १९०८. भारतात आखलेलं आणि भारतात कारखान्यात संख्येनं तयार झालेलं पहिलं विमान, एचटी-२, ज्यांच्या हाताखाली उभं राहिलं ते हे गृहस्थ. विषय नक्की झाल्यावर मी त्यांच्या सन्मानांची यादी करायला बसलो. ती वहीच्या अर्ध्या पानात संपली. १९६५ साली पद्मश्री. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाचा त्यांच्या नावाचा एक पुरस्कार. बंगळूरला सुरंजन दास रस्त्यावर एचएएलचं एक सभागृह, त्याला त्यांचं नाव. आता या अर्ध्या पानावर तासभर काय बोलायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. म्हणून मी आधी 'मान' या शब्दाकडंच वळतो.

आपल्याकडं मान म्हणजे काय? जोतिबाच्या चैत्री यात्रेला ज्या सासनकाठ्या येतात, त्यात पहिला मान पाडळीच्या काठीचा. आता हा मान काय कपाटात ठेवायचा असतो? ती बांबूची उंच काठी, वर निशाण, चारी बाजूंनी दोऱ्या धरलेली माणसं, खाली गुलालानं निसरडी झालेली फरशी, आणि मधल्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्यावर सगळा भार. मान आहे म्हणजे दरवर्षी काठी उचलायची. पाऊस पडो, घरात अडचण असो, काठी डोंगरावर गेलीच पाहिजे. ज्या घरानं उचलायची सोडली त्या घराचा मान गेला, मग त्याच्या कपाळाला कितीही गुलाल असो. आपल्या भागात 'मानकरी' शब्दात 'करी' आहे, म्हणजे करणारा. पुरस्काराचं तसं नसतं, तो एकदा घेतला की झालं. मी आज घाटगेंचं चरित्र सांगणार आहे खरा, पण डोळ्यांसमोर हा फरक ठेवून.

मुंबई इलाख्यातल्या कॉलेजांत शिकून हा मुलगा जर्मनीत ग्योटिंगेनला गेला, आणि तिथं लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यानं १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. प्रांटल हे नाव तुमच्यापैकी डिप्लोमा झालेल्यांनी फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात लिहिलं असेल आणि परीक्षा झाल्यावर विसरलं असेल. साहजिक आहे. पण त्यांचं काम तुम्ही रोज बघता. आपल्या गेटातून कास्टिंग भरून ट्रक सुटतो. त्याच्या बॉनेटवर फाउंड्रीची काळी धूळ बसलेली असते. तो ट्रक साठ-सत्तरच्या वेगानं बेळगावला पोचतो, आणि धूळ जागच्या जागी असते. एवढा वारा लागला, मग धूळ उडाली का नाही? कारण पत्र्याला अगदी चिकटून असलेला हवेचा थर पत्र्याबरोबरच चालतो. पत्र्याच्या मानानं तिथं वारा नाहीच. त्याच्यावरच्या थरात थोडा, त्याच्यावर आणखी थोडा, आणि काही मिलिमीटर वर गेलं की पूर्ण वेग. हा जो पातळ पट्टा, तो 'सीमास्तर'. १९०४ साली प्रांटलनी हे मांडलं, तेव्हा ते तिशीतही नव्हते. त्याच्या आधी गणिती लोकांचा हिशेब सांगायचा की वाऱ्यात धरलेल्या गोळ्याला काही रोधच होणार नाही, आणि शेतातल्या गड्यालाही ठाऊक होतं की होतो. घोळ त्या पातळ पट्ट्यात होता. पंखावरून तो पट्टा सुटला की विमानाची उचल संपते.

फोन कार्मान, ब्लाझियस, श्लिख्टिंग असे एकाहून एक शिष्य प्रांटलनी घडवले. त्या माणसांच्या पंगतीत हसूरचंपूचा मुलगा बसला. आणि काळ कसला? १९३३ साली हिटलर आला आणि ग्योटिंगेनमधून माक्स बोर्न, एमी न्योटर यांच्यासारख्या ज्यू प्राध्यापकांना घालवण्यात आलं. जगातलं सगळ्यात मोठं गणिताचं केंद्र एका उन्हाळ्यात ओस पडलं. गंमत अशी की हेच माक्स बोर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात सर सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये येऊन राहिले होते. म्हणजे ग्योटिंगेनचा हाकललेला प्राध्यापक बंगळुरात, आणि पुढं बंगळूर ज्याची कर्मभूमी होणार तो आपला माणूस प्रबंध संपवत ग्योटिंगेनला. इतिहासाला अशा आडव्या-उभ्या गाठी मारायची सवय आहे.

परत आल्यावर विमानाचं शास्त्र शिकलेल्या माणसाला या देशात काम काय होतं? विमानाचा कारखानाच नव्हता. तो काढला आणखी एका मराठी मुलखातल्या माणसानं. सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाजं त्यांनी आधीच काढली होती, मोटारीचा विचार चालू होता. विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन विमान-व्यापाऱ्याशी त्यांची गाठ पडली आणि २३ डिसेंबर १९४० ला, म्हैसूर संस्थानला भागीदार करून, बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी दार उघडलं. महाराष्ट्रानं हा कारखाना का घालवला, अशी हळहळ आपल्याकडं अधूनमधून ऐकू येते. मला त्यात फार दम वाटत नाही. वालचंदांना जमीन, वीज आणि 'हो' म्हणणारा दिवाण हवा होता. ते जिथं मिळालं तिथं ते गेले. आजही आपल्यापैकी कुणी हेच करतो की.

घाटगे त्या कारखान्यात सुरुवातीच्याच काळात आले. १९४१ मध्ये त्यांनी एक ग्लायडर आखला, जी-१ नावाचा, दहाएक माणसं नेण्याचा. एकच बनला. इंजिन नसलेलं विमान म्हणजे नुसता पंखांचा हिशेब, तेव्हा प्रांटलच्या शिष्याला सुरुवात म्हणून हे शोभणारंच. मग १९४२ उजाडलं. जपानी बर्मेत पोचले, सरकारनं कारखाना ताब्यात घेतला, वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना मोकळं केलं. नंतर अमेरिकन वायुदलानं तिथं दुरुस्तीचा तळ केला. आखणीचं काम बाजूला पडलं आणि मोडकी विमानं सारखी करायचं काम आलं. त्याच १९४२ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, आणि तो सुरू करणारे घाटगे. म्हणजे कारखान्यात नवीन काम नाही, तर माणसं तयार करू. मंदीच्या वर्षात आपल्यातले शहाणे मालक जे करतात तेच: ऑर्डर नाही म्हणून पोरांना घरी पाठवायचं नाही, जुनी मशीनं खोलायला लावायची, शिकवायचं. पुढं त्याच विभागात प्रांटलचेच दुसरे शिष्य टीट्येन्स आले, नंतर सतीश धवन आले.

युद्ध संपलं. अमेरिकन गेले. हजारो माणसांचा कारखाना आणि हाताला काम नाही. तेव्हा त्या विमानाच्या कारखान्यानं काय केलं ठाऊक आहे? रेल्वेचे डबे केले. पूर्ण लोखंडी डबे. बसच्या बॉड्या केल्या. आज ज्याला बीईएमएल म्हणतात, त्यांचा रेल्वे डब्यांचा धंदा मूळ तिथला. मला ही गोष्ट घाटगेंच्या पद्मश्रीपेक्षा जास्त आवडते, याचं कारण तुम्हाला सांगायला नको. आपल्या शिवाजी उद्यमनगरात जे सुरू झालं ते काय होतं? उसाच्या चरकांची दुरुस्ती. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे सुटे भाग. बाबूराव पेंटरांचा सिनेमाचा कॅमेरा या गावानं स्वतः बनवला, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते. पोट भरायला एक काम आणि मन भरायला दुसरं, अशी दोन्ही शेजारी ठेवूनच कारखाने जगतात.

त्या रेल्वे डब्यांच्या शेजारी, घाटगे चीफ डिझायनर असताना, एचटी-२ आकाराला आलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. दोन आसनं एकापुढं एक, पंख खाली, सगळा सांगाडा धातूचा, चाकं पोटाशी न मिटणारी, शेपटीखाली छोटं चाक. पुढं १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन. म्हणजे आपल्या एखाद्या चांगल्या ट्रकच्या इंजिनाहूनही कमी ताकद. १९५३ पासून संख्येनं बनू लागलं. दीडशेच्या वर बनली. वायुदलात टायगर मॉथची जागा घेतली, नौदलानं वापरलं, आफ्रिकेत नव्यानं स्वतंत्र झालेल्या घानाच्या वायुदलानं घेतलं.

इथं थोडं थांबू, कारण 'ट्रेनर' म्हटलं की लोकांना ते हलकं काम वाटतं. लढाऊ विमान म्हणजे पैलवान आणि ट्रेनर म्हणजे तालमीतलं पोर. हे बरोबर उलटं आहे. तालमीत वस्ताद कोण असतो बघा. वस्तादाला नवख्या पोराचा चुकीचा डाव अंगावर घ्यावा लागतो, आणि पोराचं हाड मोडू द्यायचं नसतं. ट्रेनर विमानात पहिल्या आसनावर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा बसतो. तो चुका करणार हे ड्रॉइंगवरच धरलेलं असतं. वेग कमी करून नाक जास्त वर घेणार, पंखावरचा तो पातळ पट्टा सुटणार, एक पंख आधी खाली जाणार आणि विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली येणार. याला स्पिन म्हणतात. लढाऊ विमानाला स्पिनमध्ये जाऊच नको म्हणून सांगता येतं. ट्रेनरला तसं चालत नाही. त्यानं मागितल्यावर स्पिनमध्ये गेलं पाहिजे, आणि पोरानं सुकाणू उलटं दाबून काठी पुढं ढकलली की बाहेरही आलं पाहिजे. त्यासाठी शेपटी कुठं बसवायची, उभं सुकाणू किती खाली उतरवायचं, आडव्या शेपटीची सावली सुकाणूवर पडते का, हे बघावं लागतं. सावली म्हणजे उन्हाची नव्हे, वाऱ्याची. खालून वर येणारी हवा आडव्या शेपटीनं अडवली तर सुकाणू दाबून उपयोग शून्य, ते मेलेल्या हवेत हलत राहतं. चार बोटांच्या फरकानं मुलगा घरी येतो किंवा येत नाही.

माझा स्वतःचा अनुभव यापुढं क्षुल्लक आहे, तरी सांगतो. माझी फाउंड्री या वसाहतीत होती. पहिल्या काही वर्षांत एकदा ब्रॅकेटचा एक लॉट परत आला. मशीनिंग झाल्यावर आत ब्लो होल निघाली. चूक आमचीच. वाळूत ओल जास्त होती, पोराला ते कळलं होतं, मलाही कळलं होतं, पण डिस्पॅचची तारीख होती. मी म्हटलं, ओत. ट्रक परत आला तेव्हा माल उतरवायला मी स्वतः उभा राहिलो. ज्यांच्या नावानं आज ही व्याख्यानमाला आहे, ते रस्त्यापलीकडच्या शेडमधून आले, एक ब्रॅकेट उचलून भोकात काडेपेटीची काडी घालून बघितली आणि म्हणाले, "हे परत आलं म्हणून वाचलास. न येतं तर कुठं बसलं असतं?" एवढंच म्हणून गेले. ट्रॅक्टरवर बसलं असतं. नांगरताना मोडलं असतं, शेतकऱ्यानं मला शिव्या दिल्या असत्या. विमानात असा माल परत येत नाही, खाली येतो. म्हणून तिथं प्रत्येक तुकड्यामागं हीट नंबर, कोणत्या भट्टीतला, कुणी ओतला, कुणी तपासला, आणि शेवटी एक सही. त्या दीडशेवर विमानांच्या मुळाशी सही घाटगेंची.

एचटी-२ नंतर त्यांच्या कारकिर्दीत काही काही वर्षांच्या अंतरानं नवी विमानं निघाली. फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, १९५८. लष्कराच्या तोफखान्याला वरून टेहळणी करण्यासाठी कृषक, १९५९. नाव कृषक आणि काम तोफांचं, हा सरकारी विनोद. आणि किरण, जेट ट्रेनर, ज्याचं पहिलं उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ ला झालं. सूर्यकिरण पथकाच्या कसरती ज्यांनी २०११ पूर्वी बघितल्या त्यांनी किरणच बघितलं. तोवर घाटगे जनरल मॅनेजर झाले होते आणि मॅनेजिंग डायरेक्टरपदाची जबाबदारीही त्यांच्याकडं आली. किरणच्या दुसऱ्या वर्षी पद्मश्री.

मधल्या काळात आणखी एक पाहुणा येऊन गेला, आणि घाटगेंचं नाव सामान्य लोकांना का ठाऊक नाही याचं एक कारण तोही आहे. १९५६ मध्ये नेहरूंच्या सरकारनं कुर्ट टांक यांना बोलावलं. महायुद्धातलं जर्मनीचं प्रसिद्ध लढाऊ विमान, फोके-वुल्फ १९०, यांचं. त्यांच्या बरोबर जर्मन इंजिनियरांची एक तुकडी आली आणि मारुत हे लढाऊ विमान तयार झालं. १७ जून १९६१ ला वैमानिक सुरंजन दासांनी ते उडवलं. टांक मोठेच होते, त्यात शंका नाही. पण वर्तमानपत्रं मोठ्या पाहुण्याचं लिहितात. घरातला माणूस, ज्यानं ड्रॉइंग काढणारी पोरं दहा वर्षं आधी तयार करून ठेवली, त्याचं नाव पाहुण्याच्या फोटोत मागच्या रांगेत जातं. लग्नघरात आचाऱ्याचं काय होतं ते आठवा. जेवण बरं झालं की यजमानाचं कौतुक.

आणि दुसरं कारण जास्त बोचरं आहे. शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, पहिलं भारतीय विमान कुणी बनवलं? तो शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव सांगेल. १८९५ साली गिरगाव चौपाटी, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. २०१५ मध्ये त्यावर हिंदी सिनेमाही आला. तळपद्यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. धडपड्या माणूस होता. पण ते विमान उडाल्याचा त्या वेळचा धड पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार दिला जातो त्याची चिकित्सा १९७४ मध्येच झाली आहे. त्या ग्रंथातलं एकही विमान उडू शकत नाही, असं गणित मांडून दाखवलं ते इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी. त्यातले काही कोणत्या विभागातले? विमानविद्येच्या. म्हणजे घाटगेंनी सुरू केलेल्या विभागातले. न उडालेल्या विमानाला सिनेमा मिळाला आणि दीडशेवर उडालेल्यांना सभागृह. उडालेल्या गोष्टीत गंमत कमी असते बहुतेक. तिचं मेंटेनन्स रजिस्टर असतं.

आता मी सासनकाठीकडं परत येतो. १९५१ साली या देशानं पहिलीच शिकवणी देणारं विमान स्वतः आखलं. एचटी-२ ची जागा पुढं एचपीटी-३२ दीपकनं घेतली, तेही एचएएलचंच. २००९ मध्ये अपघातानंतर दीपक विमानं जमिनीवर आली आणि तिथंच राहिली. मग वायुदलातल्या नव्या पोरांना शिकवायचं कशावर? मे २०१२ मध्ये ७५ विमानं घेण्याचा करार झाला. कुणाशी? स्वित्झर्लंडच्या पिलाटसशी. ज्या प्रकारच्या विमानापासून आपण सुरुवात केली होती, तो प्रकार एकसष्ट वर्षांनी आपण आल्प्सच्या पायथ्याशी जाऊन विकत घेतला. पिलाटस वाईट आहे असं मी म्हणत नाही. उत्तम विमान आहे, वायुदलाला ताबडतोब हवं होतं, पोरांना जमिनीवर ठेवता येत नाही. पण काठी त्या वर्षी आपण उचलली नाही, हे खरं.

यात दोष एकट्या कारखान्याचा काढणं सोपं आहे. मला तसं करायचं नाही. आखणीचं ऑफिस इंडक्शन भट्टीसारखं नसतं, स्विच टाकला की तापलं. ते कपोलासारखं असतं. एकदा पेटवला की चार्जिंग चालू ठेवावं लागतं. मधेच थांबलात तर आतला धातू गोठतो आणि मग तो फोडून काढायला आठवडा जातो. घाटगेंच्या काळात एचटी-२, पुष्पक, कृषक, किरण, मधे मारुत असं चार्जिंग सतत चालू होतं. त्यात काही माल साधाच होता. पुष्पक तर कापड चढवलेलं, ९० अश्वशक्तीचं लहानसं विमान, अमेरिकन धाटणीचं. पण पोरांच्या हाताला काम होतं. नंतर मोठी कंत्राटं परवान्यावरची आली. दुसऱ्याचं ड्रॉइंग, आपली मशीनं. त्यातही आपण बरंच शिकलो, उगाच नाकारू नये. पण दुसऱ्याच्या पॅटर्नवर कितीही ओतलं तरी पॅटर्न करायचं शिकता येत नाही, हे या सभागृहात कुणाला पटवून द्यायची गरज नाही. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांचा धंदा गिऱ्हाइकाच्या पॅटर्नवर चालतो आणि त्यामुळं दर ठरवताना कुणाचा आवाज चढतो हे तुम्हाला माहीत आहे.

काठी पुन्हा उचलली गेली, तेही सांगितलं पाहिजे. एचटीटी-४० नावाचा नवा ट्रेनर एचएएलनं सुरुवातीला स्वतःच्या पैशावर उभा केला. मधे कुणी बंद करा म्हणत होतं, कुणी चालू ठेवा. ३१ मे २०१६ ला तो उडाला. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा करार झाला, सहा हजार आठशे कोटींच्या वर. इंजिन अमेरिकन हनीवेलचं. एचटी-२ चं ब्रिटिश होतं, याचं अमेरिकन. सत्तर वर्षांत सांगाडा आपला झाला तो झाला, इंजिनाच्या दारात आपण अजून उभे. मारुतचंही तेच झालं होतं. आखणी उत्तम, पण त्याच्या जोगतं ताकदीचं इंजिन मिळालं नाही म्हणून ते अर्ध्या ताकदीनं जगलं. कोल्हापूरनं इंजिनाचे पिस्टन, लायनर, ब्लॉक, हेड केले, अख्खं इंजिन कमीच केलं, आणि याची कारणं आपण नेहमी भांडवलात शोधतो. भांडवल आहेच. पण 'पडलं तर पडलं, आपण दुसरं करू' म्हणणारा मालकही लागतो. युद्ध चालू, कारखाना दुसऱ्याच्या ताब्यात, तरी विभाग काढणारा एक माणूस १९४२ मध्ये बंगळुरात होता.

आता सन्मानांच्या यादीवर दोन शब्द. पद्मश्री ही पद्म पुरस्कारांतली खालची पायरी. अशा माणसाला भूषण का नाही, विभूषण का नाही, असा प्रश्न माझ्याही मनात आला. मग वाटलं, जाऊ दे. एचटी-२ वर किती मुलांनी एकट्यानं पहिलं उड्डाण केलं असेल? शिक्षक मागच्या आसनावरून उतरतो, पट्टा रिकाम्या आसनावर बांधून ठेवतो म्हणजे तो काठीत अडकू नये, खांद्यावर थाप मारतो आणि बाजूला होतो. मुलगा एकटा. एक फेरी, एक उतरणं. प्रत्येक वैमानिकाच्या लॉगबुकात त्या फेरीची एक ओळ असते, तारीख, विमानाचा प्रकार, वेळ इतकी मिनिटं. ती ओळ माणूस म्हातारा झाला तरी दाखवतो. त्या हजारो वह्यांत प्रकाराच्या रकान्यात 'एचटी-२' लिहिलेलं आहे. घाटगे हे नाव त्यात नाही. पण पद्मश्रीच्या फाइलीपेक्षा त्या वह्या मला जास्त भरवशाच्या वाटतात, कारण त्या लिहिणाऱ्यांनी आपला जीव पणाला लावून लिहिल्या.

बंगळुरात एचएएलच्या विमान संग्रहालयात मी एचटी-२ बघितलं आहे. शेजारी मारुत, किरण, मिग. शाळेची पोरं मिगपाशी फोटो काढत होती. मी या लहान विमानाच्या पंखाच्या मुळाशी, जिथून वैमानिक पाय ठेवून वर चढतो, तिथं उभा राहिलो. त्या जागेचा रंग किती वेळा दिला असेल कुणास ठाऊक, पण खाली रिव्हेटच्या डोक्यांच्या रांगा दिसतात. सरळ, एका अंतरावर. हातानं मारलेल्या. आपल्याकडचा एखादा जुना फिटर ती रांग बघून सांगेल की मारणारा डावखुरा होता की उजवा. मी त्या रांगेवरून बोट फिरवणार तोच रखवालदार ओरडला.

घाटगे ६ डिसेंबर १९९१ ला गेले. एचटी-२ वायुदलातून निवृत्त झालं त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

परवा, हे व्याख्यान ठरल्यावर, मी हसूरचंपूला जाऊन आलो. आपल्या गेटासमोरचाच बंगळूर हायवे, ज्यावर पंचगंगा २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला चढली आणि आपले ट्रक दिवसेंदिवस रांगेत उभे राहिले, तोच पुढं कागल, निपाणी करत संकेश्वरला जातो. तिथून आत वळायचं. गावात चहाच्या टपरीवर बाकावर एक म्हातारे बसले होते, डोक्याला रुमाल, हातात काठी. मी विचारलं, इथले विष्णू माधव घाटगे, विमान बनवणारे, त्यांच्याबद्दल काही ठाऊक आहे का? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. जमिनीच्या वादातला माणूस नाही याची खात्री झाल्यावर म्हणाले, "इमान? आमच्या गावच्या मान्सानं?"

मी म्हटलं, हो. भारतातलं पहिलं.

ते थोडा वेळ आभाळाकडं बघत बसले. मग चहावाल्याकडं वळून म्हणाले, "ह्यास्नी एक कप दे रं, बिनसाखरंचा का साखरंचा इचार." आणि मला म्हणाले, "इकडनं कवा गेलं न्हाई पर ते."